निळा उजेड आणि उसनं पाणी

माझा नवरा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, आणि आमच्या घरच्या नळाला पाच-सहा दिवसांनी एकदा पाणी. यावरून मी त्यांना इतकं टोचून बोलले आहे की शेवटी शेवटी नळ फुरफुरला की रामकिसनराव स्वतःच बादल्या घेऊन धावायचे. मी त्यांना नावानंच हाक मारते, पण पुढे 'राव' लावते, म्हणजे सासरच्या लोकांनाही बोलायला जागा राहत नाही.

सांगते ती गोष्ट दोन हजार तेराच्या उन्हाळ्यातली. तेव्हा आमच्या शहराला औरंगाबाद म्हणत. पाऊस आदल्या साली नावापुरता पडला होता, धरणात गाळ दिसायला लागला होता, आणि शहर मात्र बीड बायपासच्या पलीकडेही इमारती उठवत सुटलं होतं. नळ नाही तिथं फ्लॅट विकले जात होते. मी सिडकोत राहत होते आणि एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात रसायनशास्त्र शिकवत होते. नाव केसर. विद्यार्थी केसर मॅडम म्हणायचे, तोंडावर तरी.

माझं काम पॉलिमरचं. साधं प्लास्टिक म्हणजे लांबच लांब दोरा. मी बनवायचे ते वेगळं: एका रेणूला दोन फांद्या, त्या फांद्यांना आणखी दोन, असा चहूबाजूंनी फुटत जाणारा गुंता. स्टाफरूममध्ये मला 'बाभळीच्या बाई' म्हणत. म्हणोत बापडे. मी नोकरीला लागले तेव्हा वाळूजच्या रस्त्याला ज्वारी उभी असायची. पुढे तिथं कारखाने आले, त्यातल्या एका रंगाच्या कंपनीनं माझा पॉलिमर घेतला, कारण तो मिसळला की रंग ब्रशला चिकटून न बसता भिंतीवर सरसर पसरतो. शहरातल्या कितीतरी दिवाणखान्यांत माझी बाभूळ लावलेली आहे आणि घरमालकांना त्याचा पत्ता नाही. याचं मला फार सुख वाटतं. रडगाणं गायची मला सवय नाही. माझं बरं चाललं होतं.

एक गोष्ट मात्र सलायची. परिषदांमध्ये आमच्याच शेजारच्या सत्रात चमकणाऱ्या पदार्थांवर काम करणारे लोक असत. ते बोलायला उभे राहिले की सभागृहातले दिवे विझवत, हातातल्या बाटल्यांवर अतिनील दिवा धरत, आणि हिरवा, नारिंगी, जांभळा उजेड पडला की बसलेले लोक लहान पोरांसारखे 'आहाहा' करत. माझा पॉलिमर म्हणजे मधासारखा चिकट गोळा. त्याच्यासाठी कधी कुणी दिवा विझवला नाही. मी जळायचे. सरळ सांगते, जळायचे.

त्या वर्षी माझ्याकडे पीएचडीला अक्षदा होती. फर्दापूरजवळच्या एका वाडीवरची, मेंढपाळाच्या घरची. तिचे वडील बिभीषण त्या साली कळप घेऊन खानदेशाकडे उतरले होते, इकडे चारा नव्हता म्हणून. पोरगी घरातली पहिली शिकलेली. प्रबंध झाला की लग्न, तोवर कुणी स्थळाचं नाव काढायचं नाही, असा बापलेकीत ठराव होता. प्रबंध त्याच वर्षी व्हायचा होता. पोरीचा हात असा स्वच्छ की तिच्या टेबलावर थेंब सांडलेला मी पाहिला नाही.

आणि पाणी वाचवावं तर तिनंच. फेब्रुवारीत विभागप्रमुखांनी फतवा काढला: काचेची भांडी नळाखाली धुवायची नाहीत, आणि ऊर्ध्वपातनाचं यंत्र बंद. हे यंत्र पाण्याची वाफ करून ती पुन्हा थंड करतं, म्हणजे शुद्ध पाणी मिळतं. पण वाफ थंड करायला बाहेरून सतत गार पाणी खेळवावं लागतं, आणि एक बादली शुद्ध पाण्यापायी दहा बादल्या गटारात जातात. अक्षदानं लगेच दोन टब मांडले. एकात कपड्याची पावडर, कोपऱ्यावरच्या दुकानातली. दुसऱ्यात खळबळायचं पाणी. पहिला टब घाण झाला की तो कडुनिंबाला, दुसऱ्याचा पहिला करायचा. तिच्या घरी तिची आई असंच करायची. मी सगळ्या विभागासमोर तिचं कौतुक केलं.

मार्चमध्ये एका दुपारी ती धापा टाकत आली.

"मॅडम, चला. आंधारखोलीत चला."

आमच्या प्रयोगशाळेला लागून एक कोठी होती, खिडकीला काळा कागद लावलेली. आत अतिनील दिवा. तिनं दार लावलं, दिवा लावला आणि आमच्या पॉलिमरची बाटली त्याखाली धरली. बाटली पेटली. गॅसच्या ज्योतीसारखा लख्ख निळा उजेड, तिच्या बोटांवर, हनुवटीवर, माझ्या चष्म्यावर.

हे होणं शक्य नव्हतं, म्हणूनच मोठं होतं. असा उजेड द्यायला रेणूत एक ठरावीक घडण लागते, आणि आमच्या पॉलिमरमध्ये ती औषधालाही नव्हती. जगात काही ठिकाणी अशा फांद्यांच्या पॉलिमरमधून किंचित उजेड दिसल्याचं वाचलं होतं. किंचित. आमचा तर त्यात वाचता येईल इतका. पॉलिमर न घातलेलं नुसतं पाणीही तपासलं, ते काळंठिक्कर. झालं तर मग. आम्ही शोधनिबंध पाठवला, तो स्वीकारला गेला, आणि पुण्याच्या परिषदेचं बोलावणं आलं. अक्षदानं वडिलांना फोन केला. बिभीषणरावांनी तिकडून अख्ख्या वाडीला कळवलं की पोरीच्या बाटलीत उजेड निघाला. मी पुण्यात कोणती साडी नेसायची याचा विचार करू लागले. खोटं कशाला बोलू?

मे महिन्यात माझे थोरले दीर तात्यासाहेब यांच्या सत्यमचं लग्न झालं. बायपासवरचं मंगल कार्यालय, भर दुपार, दुष्काळ असो की काही असो, पंगती चालू. जेवणं चाललेली असतानाच सत्यमच्या मित्रांनी हॉलचे पडदे ओढले आणि डीजेवाल्यानं जांभळ्या नळ्या लावल्या. सगळीकडून एकदम हशा उठला. तात्यासाहेबांचं तोंड काळोखात गडप झालं आणि त्यांचा सदरा, धोतर आणि टोपी तेवढी निळी पेटली. त्यांच्यामागं गावाकडून आलेली सगळी म्हातारी मंडळी. टोप्या, धोतरं, उपरणी, सगळं निळं. रिकामी धोतरंच हॉलभर हिंडताहेत असं दिसत होतं.

सगळे हसत होते. माझ्या हातातली जिलबी हातातच राहिली. हा निळा रंग मी ओळखत होते. दोन महिने रोज बघत होते.

कपड्याच्या पावडरीत एक द्रव्य घालतात. ते डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश, डीजेच्या त्या नळ्यांतून येतो तोच, पितं आणि निळा उजेड टाकतं, म्हणजे पिवळट पडलेलं पांढरं कापड पांढरंशुभ्र दिसतं. हे मी दरवर्षी बीएस्सीच्या मुलांना शिकवत आले होते.

"काय झालं गं? जिलबी आंबट लागली का?" रामकिसनरावांनी विचारलं.

"जिलबी चांगली आहे," मी म्हटलं. "माझं संशोधन आंबलंय."

दुसऱ्या दिवशी अक्षदा यायच्या आत मी तिच्या खळबळायच्या टबातलं पाणी परीक्षानळीत घेऊन अंधारखोलीत गेले. नळी पेटली. तोच निळा. नुसतं पाणी काळं का दिसलं होतं तेही उमगलं: ते बाटलीतून थेट कोऱ्या नळीत ओतलं होतं, टबात धुतलेल्या भांड्याला ते शिवलंच नव्हतं.

अक्षदा आली तेव्हा मी तिला नळी दाखवली. ती हुशार आहे; लग्नातली गोष्ट अर्धी सांगून होईतो तिचा चेहरा उतरला.

"पन मॅडम, खळबळलेल्या भांड्यात असं कितीसं ऱ्हात असंल?"

"कणभर. पण आपला पॉलिमर बघ की कसा आहे."

तिनं नळी उचलून उजेडासमोर धरली. मग म्हणाली, "बाभळीला मेंढीची लोकर अडकती तसं. सगळं त्यानं धरून ठेवलं."

"तसंच."

"मंग आपल्या पॉलिमरचा सोताचा उजेड?"

"असेल किंवा नसेल. या बाटलीवरून आता देवालाही सांगता यायचं नाही."

ती स्टुलावर बसली. तीन वर्षांचं काम, छापायला निघालेला निबंध, खानदेशात मेंढ्यांमागे हिंडत वाट बघणारा बाप. सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि मला माझ्या पुण्याच्या साडीची लाज वाटली.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "आपन कुनाला बोललोच नाय तर?"

"कुणाला कळणार नाही. काही वर्षं तरी नाही."

"मंग?"

"मग काय. पुण्यात दिवे विझवतील, तू बाटली वर धरशील, लोक आहाहा करतील, आणि मला तिथं तात्यासाहेबांचं धोतर दिसेल."

तिला खुदकन हसू आलं, आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला रडू दिलं. मग तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "समदं पुन्यांदा धुवायचं. पयल्यापासून."

मी त्याच दिवशी संपादकांना निबंध थांबवायला सांगितलं आणि पुण्याला नकार कळवला. पण धुवायचं कशानं? नवी काच एक वेळ आणता आली असती. पॉलिमर तयार झाल्यावर तो एका पातळ पिशवीत भरून शुद्ध पाण्यात बुडवून ठेवावा लागतो, म्हणजे आतला कचरा झिरपून बाहेर जातो, आणि ते पाणी सारखं बदलावं लागतं. फेब्रुवारीआधी साठवलेलं शुद्ध पाणी पहिल्या खेपेलाच संपलं होतं. बाजारात बॅटरीसाठी मिळतं त्या पाण्यावर माझा काडीचा भरवसा नव्हता. विभागप्रमुखांकडे गेले, तर ते म्हणाले, "बाई, वसतिगृहात पोरं आंघोळीवाचून बसलीत, मी तुमचं यंत्र कसं चालू करू?" मला भांडायचं होतं, पण ते बरोबर बोलत होते. याचाच जास्त राग आला.

मग मी काचेचं ऊर्ध्वपातन घरी आणलं. मागच्या अंगणात गॅसची शेगडी, तिच्यावर पाण्याचा चंबू, वाफ थंड करायला दुपदरी काचेची नळी: आतून वाफ, बाहेरून गार पाणी. जिन्यावर आमचा ड्रम चढवला, त्यातलं पाणी रबरी नळीनं उतरून, काचेभोवती फिरून खाली बादलीत. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं, पण मे महिन्यात ते असं तापून बसलं की वाफ थंड न होता तोंड वर करून निघून गेली. गार पाणी पाहिजे होतं, आणि पुष्कळ.

पाणी गल्लीत होतं. ज्याच्या त्याच्या ड्रमात, झाकण लावून, वर दगड ठेवून. मी पहिल्यांदा शेजारच्या वच्छलाबाईंकडे गेले. या मूळ खुलताबादच्या, आणि एक तांब्या पाणी मागितलं तरी तीन प्रश्न विचारणाऱ्या.

"म्हंजी माझं पानी तुमच्या नळीतून जानार, अन् मला परत भेटनार?"

"जेवढ्याला तेवढं. फक्त गरम होऊन."

"मे महिन्यात गरम पानी घिऊन काय करू? डोक्यावर वतू?"

"भांडी घासा. तेलकट चांगलं निघतं."

"त्यात काय औषिद-बिषिद?"

"आत वाफ, बाहेर तुमचं पाणी, मध्ये काच. दोघांची भेटच होत नाही."

वच्छलाबाई आल्या, अंगणात मांडी घालून बसल्या, आपली कळशी नळीतून जाऊन बादलीत पडेपर्यंत डोळा हलवला नाही. मग त्यातला एक ग्लास माझ्यापुढे धरला. "प्या आधी तुमी." मी गटागटा प्याले, कोमट असून. त्यांनी कळशी उचलली, वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "भरलं बगा. आता माझा दुसरा ड्रम बी घ्या."

वच्छलाबाईंची खात्री पटली म्हटल्यावर गल्लीत बाकी कुणाला शंका उरली नाही. सकाळ-संध्याकाळ अंगणात ही रांग लागली. आपल्याकडे भांड्यांवर नावं घातलेली असतात, त्याचा असा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. 'चि. सौ. कां. मोनिका हिस मामाकडून' या घागरीत दुसऱ्याचा थेंब जायचा नाही. आधी कुणाचं, मग कुणाचं यावरून भांडणं लागली तेव्हा रामकिसनराव पुढे झाले. कालव्याच्या पाणीपाळीसारखी त्यांनी घरांची पाळी बांधली आणि खुर्ची टाकून जिन्याखाली बसले. आख्ख्या नोकरीत त्यांची पाळी पहिल्यांदाच वेळेवर सुटली, असं मी सगळ्यांसमोर म्हटलं. ते चिडले नाहीत. उलट त्यांना आवडलं.

अक्षदा ते दिवस आमच्याकडेच राहिली. काचेच्या नळीतून थेंब थेंब पडणारं शुद्ध पाणी ती बाटल्यांत भरायची, झाकण घट्ट लावायची आणि बायकांना काच म्हणजे काय, वाफ म्हणजे काय ते समजावून सांगायची. सगळ्यांना तिचं लग्न कधी हे विचारायचं असायचं. ती म्हणायची, "ह्या पान्यावर हाय." त्यांना वाटायचं पोरगी थट्टा करते.

मला ते दिवस फार आवडले, हे कबूल करायला हवं. भीती होती, रात्री कूस बदलत पडायचे, पण सकाळी अंगणात भांड्यांचा खणखणाट झाला की बरं वाटायचं. माझ्या विज्ञानात इतकी माणसं कधी आली नव्हती.

भांडी भट्टीत भाजून, शुद्ध पाण्यानं धुऊन आम्ही नवा पॉलिमर केला. पिशवीचं पाणी बदलत राहिलो. एका दुपारी बाटली तयार झाली. आम्ही दोघी अंधारखोलीत गेलो. आधी अक्षदानं भांडी खळबळलेलं पाणी दिव्याखाली धरलं. काळं. म्हणजे पावडर गेली. मग पॉलिमर.

तोही काळा.

मी बघत राहिले. काही नाही. मधासारखा गोळा, जन्मभर होता तसाच. माझं मला वाईट वाटलंच, पण पोरीचं जास्त वाटलं. "अक्षदा," मी म्हटलं, "बाहेर जाऊ या. चहा घेऊ."

"थांबा, मॅडम."

"अगं, नाहीये."

"तुमी बोलू नका. थांबा." माझ्याशी ती अशी कधी बोलली नव्हती. अंधारात नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "हाय."

मला दिसत नव्हतं. मला वाटलं, पोरीला हवं आहे म्हणून दिसतंय. मी तिला धरूनच यंत्राकडे नेलं. ते उजेड मोजतं आणि त्याची रेघ काढतं. पहिल्या वेळी त्या रेघेनं डोंगर काढला होता. आता रेघ सपाट धावत गेली, आणि मग एके ठिकाणी थोडी उचलली. उंबऱ्याएवढी. आणि पावडरीचा डोंगर होता तिथं नाही. तिथून चांगली सरकून, हिरव्याच्या बाजूला. म्हणजे पावडर नव्हेच. मी नळी काढली, दुसरी लावली. पुन्हा तोच उंबरा. तिसरी लावली. तोच.

मी अक्षदाच्या पाठीवर थाप मारली ती बहुतेक जोरात बसली. मला इतका आनंद क्वचित झाला आहे. लख्ख उजेड दिसला तेव्हाही झाला नव्हता, तेव्हा नुसती हाव सुटली होती.

अक्षदानं तिथूनच वडिलांना फोन लावला. तिकडे कुत्रं भुंकत होतं, मेंढ्या ओरडत होत्या, म्हणून दोघंही मोठ्यानं बोलत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं.

"आबा, पयलं सांगितलं ते खोटं निघालं. सगळा उजेड धुन्याच्या पावडरीचा व्हता."

मग बिभीषणराव म्हणाले, "मंग काईच नाय का?"

"हाय. पन लई बारीक हाय, आबा. मॅडमला तर दिसला बी नाय. समदं पुन्यांदा लिहावं लागंल. आनखी वरीस जाईल."

"पन हाय का?"

"व्हय. हाय."

"आपलाच हाय नं? पावडरीचा नाय?"

"आपलाच."

"मंग थांबू की वरीसभर," बिभीषणराव म्हणाले, आणि कळपाकडे बघून काहीतरी ओरडत त्यांनी फोन ठेवला.

अक्षदा फोन हातात धरून तशीच उभी होती. मी तिच्या हातातली बाटली घेतली, एकटीच अंधारखोलीत गेले, दार ओढून घेतलं आणि दिवा लावून उभी राहिले. आधी काहीच दिसेना. मी चष्मा पुसला, पुन्हा लावला, पापणी न लववता बघत राहिले. बाहेरून अक्षदानं दोनदा विचारलं, "मॅडम, दिसला का?" उभी राहून राहून पाय दुखायला लागले तेव्हा कुठं बाटलीची कड काळोखातून वेगळी झाली, मग आतलं सगळं, फिकट, हिरवटसर, जेमतेम. आणि तिथं आहाहा म्हणायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच म्हटलं.